घराभोवतीची परसबाग: आधी पाणी, मग माती, मग झाडं, मग कोंबड्या

आमची जागा तीन गुंठ्यांची, त्यात घर आणि उरलेलं अंगण. सातारा जिल्ह्यातला पूर्वेकडचा भाग, जमीन काळी, पाऊस वर्षाला साधारण सहाशे मिलिमीटर. बाग करायची ठरल्यावर मी सगळ्यात आधी काय केलं, तर दोन ट्रॉल्या तांबडी माती विकत आणली. दिसायला सुंदर, भुसभुशीत माती. मृगाचा पाऊस पडला आणि आठ दिवसांत तिच्यातून हिरवीगार पात वर आली. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "अगं, हा तर लव्हाळा!" खुरप्याने उपटायला गेलं की पात हातात येते आणि काळी गाठ जमिनीत राहते. गाठ खणून काढली, तर तिला दोऱ्याएवढं मूळ आणि त्या मुळाला वीतभर अंतरावर पुढची गाठ. दोन पावसाळे आम्ही दोघी पाटावर बसून त्या गाठी वेचत होतो. अजूनही एखादी सापडते.

म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे. बाग करताना काय लावायचं हा प्रश्न आपण पहिला विचारतो, पण त्याचा नंबर तिसरा. आधी पाणी, मग माती, मग झाडं आणि सगळ्यात शेवटी कोंबड्यांसारखे जीव. हा क्रम पाळला तर खर्च वाचतो आणि रोपं कमी मरतात.

पर्माकल्चर हा शब्द ऑस्ट्रेलियातल्या बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या दोघांनी १९७० च्या दशकात रूढ केला. निसर्गातलं जंगल जसं कुणी खत-पाणी न घालता वर्षानुवर्षं उभं राहतं, तशी अन्न देणारी जागा आखायची, हा त्यातला मूळ विचार. मला तो पटला, कारण माझ्या आजोळच्या परड्यात तो आधीच होता. न्हाणीचं पाणी अळवाला आणि केळीला, राख भांड्यांना आणि मग त्याच पाण्यातून झाडांना, उष्टं-खरकटं कोंबड्यांना, कोंबड्यांचं खत शेवग्याला. काहीच वाया जात नव्हतं. आपल्याकडे प्रा. श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवार' उभा करून दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचं पोट कसं भरेल याचं गणित शेतकऱ्यांबरोबर बसून मांडलं. ते स्वतः गणिताचे प्राध्यापक होते. तीन गुंठ्यांत घर वजा जाता पोट भरत नाही, हे आधीच सांगते. पण भाजी, लिंबू, कढीपत्ता, पपई, केळी, हळद आणि अंडी एवढं घरचं होतं.

पहिला पावसाळा: फक्त बघायचं

जागा ताब्यात आली की लगेच खड्डे मारू नका. एक वही करा आणि तीन गोष्टी लिहा.

पहिली, ऊन. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता कुठे सावली पडते ते महिन्यातून एकदा कागदावर आखा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे घराची सावली उत्तरेच्या अंगणात लांबवर पडते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मात्र आपल्या भागात तो डोक्यावरून थोडा उत्तरेकडेच सरकलेला असतो. म्हणजे हिवाळ्यात मेथी जिथे पिवळी पडते, त्याच जागेला पावसाळ्यात भरपूर ऊन असतं. भाजीला किमान पाच-सहा तास ऊन हवं. आळू, हळद, आलं आणि पुदिना यांना कमी चालतं.

दुसरी, पावसाचं पाणी. पहिला जोरदार पाऊस आला की छत्री घेऊन बाहेर जा. मी हातात खुंट्या घेऊन गेले होते. पाणी आपल्या हद्दीत कुठून शिरतं, कुठे साचतं आणि कुठून बाहेर जातं, तिथे तिथे खुंटी ठोकली. आमच्याकडे छपराच्या दोन कोपऱ्यांतून पडणारं पाणी एकत्र होऊन फाटकाखालून रस्त्यावर जात होतं आणि जाताना मातीही नेत होतं. त्या खुंट्या बघूनच पुढे पाणी अडवायचा आमचा चर कुठे खणायचा ते ठरलं.

तिसरी, तुमची स्वतःची पावलं. दिवसातून किती वेळा कुठल्या दाराने बाहेर जाता? स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून दहा वेळा, नळाकडे चार वेळा, मागच्या कुंपणाकडे आठवड्यातून एकदा. कोथिंबीर, मिरची, कढीपत्ता, गवती चहा आणि तुळस दारापासून दहा पावलांत. भाजीचे वाफे नळाच्या वाटेवर. लिंबू, पेरू, सीताफळ त्यामागे. गिरीपुष्प आणि शेवगा कुंपणाला. फोडणी टाकल्यावर कढीपत्ता आणायला जिथपर्यंत पळत जाता येतं, तिथपर्यंतच कढीपत्ता लावायचा. लांब लावलेली कोथिंबीर फुलावर येऊन जाते, कारण तिच्याकडे कुणी बघतच नाही.

पाणी

यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

आधी साधा हिशोब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांचं छप्पर म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. सहाशे मिलिमीटर पावसाच्या गावात त्यावर ५५ हजार लिटरच्या वर पाणी पडतं, आणि गळती-बाष्प धरून ४५ हजार लिटर तरी हाती लागतं. एवढी टाकी बांधणं परवडत नाही आणि गरजही नाही. मातीइतकी मोठी आणि स्वस्त टाकी दुसरी नाही. पाणी तिच्यात जिरवायचं.

त्यासाठी समतल चर काढायचा, म्हणजे उताराला आडवा आणि तळ एका पातळीत असलेला. पातळी काढायला गवंड्याकडची पाण्याची लेव्हल नळी पुरते. ती नसेल तर सात-आठ फुटांचे दोन बांबू वरच्या टोकाला एकत्र बांधा, मधे आडवी काठी बांधा आणि टोकावरून ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडा. सपाट फरशीवर उभं करून ओळंबा आडव्या काठीला जिथे टेकतो तिथे खूण करा. मग पाय उलटसुलट करून पुन्हा खूण करा. दोन खुणांचा मध्य म्हणजे तुमची पातळी. हे घेऊन जमिनीवर एकेक पाऊल टाकत जायचं आणि ओळंबा मध्यावर आला की पायाशी चुन्याची खूण करायची. आमचा चर दीड फूट रुंद, एक फूट खोल आणि अठरा फूट लांब आहे. निघालेली माती उताराच्या खालच्या अंगाला बांधासारखी टाकली आणि त्यावर पहिल्याच पावसात ताग विस्कटला. चर भरून वाहू लागला तर जादा पाणी कुठून जाणार याचा सांडवा दगड लावून आधीच करून ठेवा.

काळ्या जमिनीत एक काळजी घ्यायचीच. ही माती पाण्याने फुगते आणि सुकली की भेगा पडतात, त्यामुळे चर किंवा शोषखड्डा घराच्या पायापासून दहा फूट तरी लांब हवा. जागा कमी असेल तर चर सोडून द्या आणि छपराचं पाणी पाइपने लांबच्या आळ्यात न्या.

दुसरं पाणी घरातलं. आमच्या चौघांच्या घरी मी आठवडाभर बादल्या मोजल्या. आंघोळ आणि धुणं मिळून रोज दीडशे लिटरच्या वर पाणी गटारात जात होतं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची आणि हे पाणी सोडून द्यायचं, याचं मला फार वाईट वाटलं.

त्यावरचा उपाय म्हणजे केळीचा खड्डा. सहा फूट व्यासाचा गोल आखा, मधे अडीच फूट खोल वाटीसारखं खणा आणि निघालेली माती कडेने गोल रचा. तळाला जाड फांद्या आणि नारळाच्या शेंड्या, त्यावर पालापाचोळा, गवत, उसाचं पाचट, थोडं शेण, असं जमिनीच्या वर दोन फूट ढीग येईपर्यंत भरा. न्हाणीचा पाइप या ढिगाच्या आत सोडा, वर उघडा नको, म्हणजे डास होत नाहीत. कडेच्या वरंब्यावर केळीचे चार मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेली पिल्लं, मधल्या जागेत एक-दोन पपया, आतल्या ओल्या अंगाला अळू आणि बाहेरच्या अंगाला हळद. ढीग दर दोन-तीन महिन्यांनी खाली बसतो, पुन्हा भरत राहायचा. प्रत्येक केळीपाशी एका वेळी एक मोठी, एक मध्यम आणि एक लहान एवढीच झाडं ठेवा, बाकीचे मुनवे काढून दुसऱ्यांना द्या. घड उतरला की खोड तोडून त्याच खड्ड्यात टाका.

या पाण्यात फरशी पुसायचं ॲसिड आणि ब्लीचिंग जाऊ देऊ नका. कच्च्या खायच्या भाज्यांना, म्हणजे कोथिंबीर, मुळा, गाजर, काकडी यांना हे पाणी घालू नका. स्वयंपाकघराचं पाणी तेलकट असतं. आम्ही ते आधी वाळू आणि विटांच्या तुकड्यांनी भरलेल्या एका जुन्या बादलीतून गाळून सोडतो आणि वरचा थर महिन्याने धुतो.

उन्हाळ्यासाठी मडकी. गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेलं जुनं, पाझरणारं मडकं, वर झाकण. रंग दिलेलं किंवा चकचकीत नको, ते पाझरत नाही. आठ लिटरचं मडकं दोन-तीन दिवसांनी भरावं लागतं आणि त्याच्या भोवती दोन भोपळ्याचे किंवा कारल्याचे वेल मेमध्येही हिरवे राहतात. एक मडकं मी वर्षभराने उकरून पाहिलं, तर मुळांनी त्याला जाळीसारखं लपेटून घेतलं होतं.

माती

काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती घ्या, पाणी भरा, जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात खाली बसते, पोयटा, म्हणजे बारीक गाळ, काही तासांत, चिकणमातीला दोन-तीन दिवसही लागतात. थरांची जाडी बघून तुम्हाला जमिनीचा स्वभाव कळतो. मग फूटभर खड्डा पाण्याने भरून जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच दिसलं तर निचरा वाईट आहे, तिथे उंच गादीवाफाच करावा लागेल. रीतसर माती परीक्षण तुमच्या जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात होतं, तेही करून घ्या.

वाफा चार फुटांपेक्षा रुंद नको. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे, कारण वाफ्यावर पाय एकदाही द्यायचा नाही. मधली वाट दीड फूट. आमच्या काळ्या मातीत वाफा नऊ इंच उंच केला आहे, मुरमाड जमिनीत उलट जमिनीच्या पातळीतच ठेवा म्हणजे ओल टिकेल.

वाफा न खणताही तयार होतो. गवत कापून तिथेच पाडा, भरपूर पाणी द्या, त्यावर चिकटपट्ट्या काढलेले पुठ्ठे एकमेकांवर चढवून पसरा, त्यावर शेणकाला, मग आठ इंच पालापाचोळा आणि वर दोन इंच कुजलेलं खत. हे काम मेअखेर, रोहिणीत करा. पावसाळाभर ते कुजतं. पुठ्ठा कोरडा राहिला तर वाळवी लागते, म्हणून ओल सतत हवी आणि घराच्या भिंतीला लागून हा प्रकार करू नका.

आच्छादनाला माल कुठून आणायचा? मागा. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात पाचट पेटवून देतात, ते शेतकऱ्याला आधी विचारलं तर आनंदाने देतात. सोयाबीनचं भुसकट, शाळेच्या आवारातला पाला, रसवंतीचा चोथा. चोथा मात्र दोन महिने कुजवून मगच वापरा.

खतासाठी जागा असेल तर नाडेप टाकी. हे नाव यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या आद्याक्षरांवरून पडलं. मूळ टाकी दहा बाय सहा फूट आणि तीन फूट उंच, विटांमध्ये हवेसाठी भोकं ठेवलेली असते. घरच्या बागेला तिच्या निम्मीही पुरते. काडीकचरा, त्यावर शेणकाला, त्यावर मातीचा पातळ थर, असे थर भरत जायचे आणि वरून शेणमातीने लिंपायचं. तीन-चार महिन्यांत खत तयार होतं. कच्चं शेण थेट वाफ्यात घालू नका, त्याच्याबरोबर हुमणीच्या अळ्या येतात आणि मुळं कुरतडतात.

जीवामृत आम्ही वीस लिटरच्या बादलीत करतो: एक किलो ताजं देशी गाईचं शेण, एक लिटर गोमूत्र, दोनशे ग्रॅम गूळ, दोनशे ग्रॅम बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. दोन दिवसांनी तयार, आठवड्याच्या आत संपवायचं. जिथे आच्छादन आहे आणि ओल आहे, तिथेच त्याचा उपयोग दिसतो. उघड्या, तापलेल्या मातीवर ओतून काही होत नाही.

काय लावायचं

आधी कुंपण. मृगाच्या तोंडावर गिरीपुष्पाच्या मनगटाएवढ्या जाड, चार फुटी काठ्या दोन-दोन फुटांवर रोवा. ते द्विदल झाड आहे, पाला नत्राने भरलेला, आणि वर्षातून तीन-चार वेळा छाटून वाफ्यांवर पसरायला घरचं आच्छादन मिळतं. पश्चिमेला शेवगा, म्हणजे उन्हाळ्यातलं चार वाजताचं ऊन गाळून येतं. पी.के.एम.-१ किंवा दापोली कृषी विद्यापीठाचा कोकण रुचिरा हे वाण चांगले. रोप तीन फुटांचं झालं की शेंडा खुडा, नाहीतर ते बांबूसारखं सरळ जातं आणि शेंगा हाती लागत नाहीत.

तीन गुंठ्यांत मोठी झाडं मोजकीच. एक लिंबू, एक पेरू, एक सीताफळ, एक कढीपत्ता, बस. आंबा आणि फणसाचा मोह आवरा, पाच-सात वर्षांनी त्यांच्याखाली भाजी येत नाही. कलमं शक्यतो कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून घ्या. आम्ही रस्त्याकडेच्या एका रोपवाटिकेतून कागदी लिंबू म्हणून आणलेल्या झाडाला चौथ्या वर्षी इडलिंबासारखी फळं आली. कलमाच्या जोडाखालून फुटलेल्या फांद्याही दिसल्या की लगेच काढा.

भाजीचं वेळापत्रक नक्षत्रांवर ठेवलं की लक्षात राहतं. मृग-आर्द्रात, म्हणजे जूनपासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत, मांडवावर दोडका, कारली, घोसाळी, पडवळ आणि खाली भेंडी, गवार, चवळी. लिंबाच्या आळ्याबाहेर हळद आणि आलं मेअखेरच लावून टाका. ऑक्टोबरात हस्ताचा पाऊस ओसरला की मेथी, पालक, मुळा, गाजर, लसूण, वाटाणा. टोमॅटो, वांगी आणि कोबीची रोपं त्याआधी महिनाभर तयार करून ठेवावी लागतात. फेब्रुवारीनंतर पुन्हा चवळी, गवार, भेंडी, राजगिरा, अंबाडी. मायाळूचा वेल एकदा लावला की वर्षभर भजी आणि भाजी. घोळ आणि तांदुळजा आपोआप उगवतात, तण म्हणून उपटून फेकू नका, ताटात घ्या.

एका वाफ्यात एकच भाजी लावू नका. वांग्याच्या दोन ओळींत कोथिंबीर, कडेला झेंडू. झेंडूने मातीतले सूत्रकृमी, म्हणजे मुळांना लागणारे अगदी बारीक किडे, कमी होतात. आणि मेथी एकदम सगळी पेरू नका, दर दहा दिवसांनी एक ओळ पेरा.

किडीचं थोडक्यात. मावा दिसला की आधी पाण्याचा फवारा आणि बोटाने पुसणं. नाहीच हटला तर पाच टक्के निंबोळी अर्क: अर्धा किलो कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, दहा लिटर करायचा आणि संध्याकाळी फवारायचा. कारली-दोडक्याला डंख मारणाऱ्या फळमाशीसाठी क्यू ल्यूरचा, म्हणजे नर माश्यांना ओढून घेणाऱ्या वासाचा, सापळा टांगा, दुसरं काही तितकं चालत नाही. गळालेली किडकी फळं रोज वेचून पाण्यात बुडवा. गोगलगायी रात्री बॅटरी घेऊन वेचाव्या लागतात.

कोंबड्या, दुसऱ्या वर्षी

भाजीचे उरलेले देठ आणि आच्छादन पुरेसं होऊ लागलं की मग. आधी ग्रामपंचायतीचा किंवा वसाहतीचा नियम विचारून घ्या, शेजाऱ्यांशीही बोला. पाच कोंबड्यांपासून सुरुवात करा. फक्त अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, पिल्लं हवी असतील तर एक पुरतो, आणि खुडूक कोंबडीखाली एकवीस दिवसांत पिल्लं निघतात. गावरान कोंबडी अंडी कमी देते पण स्वतः चरते, खुडूक बसते आणि पिल्लं सांभाळते. गिरिराज, वनराज, कावेरी या सुधारित जाती अंडी जास्त देतात.

खुराडं जमिनीपासून दोन फूट उंच, प्रत्येकीला आत दोन चौरस फूट तरी जागा आणि बाहेर जाळीचं अंगण. जाळी बारीक भोकाची आणि जमिनीत वीतभर गाडलेली हवी. मुंगसाने आमच्या तीन तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, एका रात्रीत नेल्या, खालून उकरून. दिवेलागणीला दार लावलंय की नाही हे रोज एकाच माणसाने बघायचं, दोघांवर सोडलं की ते राहून जातं. रानीखेत रोगाची लस पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा सहा-आठ आठवड्यांनी, देवीची लसही त्याच सुमारास, पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. एका कोंबडीला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य लागतं, त्यातला काही भाग बागेतून निघतो, सगळा नाही. वाफ्यात त्यांना मोकळं सोडू नका. पीक निघालेल्या वाफ्यावर आठ दिवस जाळी लावून सोडा, त्या अळ्या वेचतात, तण खातात आणि माती उकरून देतात. ताजी विष्ठा झाडाला उष्ण पडते, ती नाडेपमध्येच घाला.

शेळी एवढ्या जागेत पाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चारा बाहेरून आणावा लागतो आणि एकदा सुटली की दोन वर्षांची झाडं तासाभरात संपतात. मधमाश्या मात्र जरूर. सातेरी या देशी मधमाशीची एक पेटी ठेवता येते, पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत तिचं शिक्षण मिळतं.

बी

पहिल्या वर्षी बी देशी घ्या, म्हणजे दुसऱ्या वर्षी घरचं धरता येईल. संकरित बियाण्याचं पुढचं पीक सारखं येत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घरात जपलेल्या गावठी वाणांची बियाणे बँक उभी केली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तुमच्या गावातही एखाद्या आजीकडे लांब दोडक्याचं किंवा काळ्या घेवड्याचं बी गाडग्यात असेल, तिला विचारा.

वेलावरचं पहिलं, सगळ्यात चांगलं फळ खायचं नाही, त्याला लाल दोरी बांधून ठेवायची. दोडका वेलावरच तपकिरी होऊन हलका होऊ द्या. हलवल्यावर आत बी खुळखुळायला लागलं की काढा आणि टोकाचं झाकण उघडून बी झटका. टोमॅटो आणि काकडीचं बी गरासकट दोन दिवस भांड्यात आंबवून धुवा, म्हणजे भोवतीचा चिकट पदर जातो. सावलीत कडकडीत वाळवा, चाळलेल्या राखेत घोळवा, काचेच्या बरणीत भरा. बरणीवर वाणाचं नाव, वर्ष आणि ज्यांच्याकडून बी आणलं त्यांचं नाव लिहून चिठ्ठी चिकटवा.